वहिनी पुन्हा स्टँडवर

माझी वहिनी व्हॉलीबॉलची पंच आहे. आठवडाभर मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी कुठे ना कुठे सामने असायचेच, तिथे नेटच्या टोकाशी उंच लोखंडी स्टँडवर उभी राहून शिट्टी वाजवायची. लोक तिला शिट्टीबाई म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला ते मनापासून आवडतं. घरातही तिचं तसंच. पडदे कुठल्या रंगाचे, सुट्टीत कुठे जायचं, मुलीने पुढे काय शिकायचं, सगळ्यावर ती दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखं करायची आणि निकाल द्यायची. निकालावर अपील नाही.

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, नेमका उलटा. छापखान्यात मुद्रितं तपासतो. जन्मभरात त्याने जे काही वाद घातले ते कागदाच्या समासात, लाल शाईने. तोंडाने एकही नाही. जेवून उठला की खुर्चीत बसतो आणि भिंतीकडे बघतो. भिंतीवर काही नाही. आम्हाला लहानपणापासून सवय आहे, पण वहिनीला लग्नानंतर बरीच वर्षं वाटायचं की हा आजारी तर नाही ना.

मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दाताच्या दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला बसते. फोन घ्यायचे, नंबर लावायचे, घाबरलेल्यांना ‘काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होतं’ असं सांगायचं. वहिनीचं आणि माझं कधी बिनसलं नव्हतं, पण सूतही जमलं नव्हतं. ती मला एरवी नावाने हाक मारते. ‘वन्सं’ म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

ती पडली तेव्हा शाळेत सराव चालू होता. स्टँडच्या एका पायाची खिट्टी नीट बसलेली नव्हती. ती खाली उतरत असताना स्टँड कलला आणि ती मागच्या मागे फरशीवर आपटली. मुली धावल्या. ही स्वतःच उठून बसली, म्हणाली, “खेळ चालू ठेवा,” आणि मग तिला उलटी झाली.

इस्पितळात डोक्याचे फोटो काढले. आत थोडा रक्तस्राव होता, थोडी सूज होती. ऑपरेशनची गरज पडली नाही. काही दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. जो तो भेटायला येऊन म्हणायचा, “वाचली बाई, थोडक्यात निभावलं.” आणि दिसायलाही ती ठणठणीत होती. टाका नाही, पट्टी नाही. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली.

ती वर्तमानपत्र उघडायची आणि पहिल्या बातमीच्या मध्यावरच मिटायची. गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जायची. ट्यूबलाइट लावली की डोळ्यांवर हात घ्यायची. झोप तर अशी की डोळा लागला न लागला तोच जाग. शब्द सापडायचे नाहीत. कात्रीला म्हणायची, “ते… कापायचं… अगं ते दोन पायांचं!” पहिल्यांदा आम्ही हसलो. ती हसली नाही, तेव्हा आमचंही हसू विरलं.

आणि राग. वहिनीला राग पूर्वीही यायचा, पण तो नियमात बसणारा असायचा. आता कशाचाही यायचा. एका दुपारी कुकरची शिट्टी झाली. जन्मभर शिट्टी वाजवणारी ही बाई दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळली आणि हातातली ताटली तिने ओट्यावर आपटली. ताटली फुटली. भाची, तेव्हा अकरावीत होती, तुकडे गोळा करायला वाकली तर तिच्यावरच ओरडली, “तुझ्यामुळेच होतं सगळं!” पोरीमुळे काहीच झालं नव्हतं. त्या दिवसापासून भाची घरात मोजे घालून चालायला लागली. पावलांचा आवाज नको म्हणून.

संध्याकाळी वहिनी माझ्या दवाखान्यात आली. पेशंटांच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “माझ्या जागी दुसरंच कुणीतरी घरात राहतंय. मला ती बाई आवडत नाही.”

मी नंबर लावायची वही मिटली. माझ्या सकाळी मोकळ्या असतात. मी म्हटलं, “उद्या डॉक्टरकडे मी येते तुझ्याबरोबर.”

मेंदूचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. त्यांनी सांगितलं की डोक्याला मार लागल्यावर फोटोत सगळं ठीक दिसलं तरी मेंदूची घडी बसायला वेळ लागतो. झोप, रोजचं चालणं, स्मरणशक्तीचे व्यायाम, आवाजाची आणि उजेडाची हळूहळू सवय. हे सगळं ती करतच होती, चिडत चिडत. मग ते म्हणाले, “याच्या जोडीला एक गोष्ट करून बघता येईल. न्यूरोफीडबॅक. मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून मेंदूलाच सराव द्यायचा. काहींना चांगला फायदा होतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. यावरचा अभ्यास अजून चालू आहे, त्यामुळे मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. आणि बाकीचं काहीही सोडायचं नाही.”

“म्हणजे राखीव खेळाडू,” वहिनी म्हणाली.

“तसं म्हणा.”

“चालेल. उतरवा मैदानात.”

अपघातानंतर पहिल्यांदाच ती तिच्यासारखी बोलली, म्हणून मी लगेच तारीख घेतली.

ते केंद्र एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, वर दोन खोल्या, जाड पडदे, आणि पंखासुद्धा न वाजणारा. तिथल्या बाईंचा एक चष्मा नाकावर आणि एक केसांत असायचा. आम्ही त्यांचं नाव दोनचष्मे ठेवलं. त्यांनाही ते कळलं होतं, पण त्यांनी कधी दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी वहिनीच्या केसांत बोटांनी भांग पाडून चिकट लेप लावला, त्यावर बटणाएवढ्या चकत्या बसवल्या, कानांच्या पाळ्यांना चिमटे लावले. बारीक तारा एका डबीत जात होत्या.

“करंटबिरंट सोडणार नाही ना?” वहिनीने विचारलं.

“तुमच्या डोक्यात काहीही जाणार नाही. आत जे चाललंय तेवढं आम्ही वाचणार.”

“मनातलंही?”

“मनातलं कळत असतं तर सगळ्यात आधी मी माझ्या नवऱ्याला इथे आणून बसवलं असतं,” दोनचष्मे म्हणाल्या.

पडद्यावर समुद्राखालचा चित्रपट सुरू झाला. निळं पाणी, मासे, एक मोठं कासव. बाईंनी समजावलं, “तुमचा मेंदू शांत आणि जागा, असा दोन्ही असला की चित्र स्वच्छ दिसेल, आवाज पूर्ण येईल. तो भरकटला, पेंगला किंवा ताणला गेला की चित्र अंधूक होईल. बस, एवढंच.”

“आणि मी काय करायचं?”

“बघायचं.”

वहिनी सरसावून बसली. बघायचं म्हणजे काय ते ती दाखवून देणार होती. आणि पडदा काळवंडला. तिने कपाळाला आठ्या घातल्या. आणखी काळवंडला. कासव तर दिसेनासंच झालं.

“जोर लावू नका,” दोनचष्मे म्हणाल्या.

“जोर न लावता काय होतं जगात?”

“हे होतं. काही करू नका, पण झोपूही नका.”

वहिनीने चकत्यांसकट मान वळवून माझ्याकडे बघितलं. “अगं, हे तर तुझ्या भावाचं काम! त्याला बोलाव.”

दोनचष्मे तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले. पण बसने परत येताना वहिनी खिडकीकडे तोंड करून रडत होती. आयुष्यात जे काही मिळवलं ते रेटून मिळवलं होतं तिने. शाळेत मुलींसाठी मैदान मिळवलं ते रेटून, पंचांची परीक्षा दिली ती भाचीला कडेवर घेऊन. आणि इथे एक कासव तिला सांगत होतं की रेटू नकोस.

आठवड्यातून तीन सकाळी आम्ही जायचो. मी मागच्या खुर्चीत बसायचे. काही दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चित्र अंधूक व्हायच्या जरा आधी वहिनीच्या कानापुढचा स्नायू टचकन वर यायचा. माझ्या दवाखान्यात असे दात आवळून बसलेले लोक रोज असतात. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो, यंत्रालाही ते दिसतंय. जबड्याचा ताण लहरींत मिसळतो. मी आज तेच सांगणार होते.” मग वहिनीला जीभ दातांमध्ये हलकेच ठेवून बसायची युक्ती दिली. पहिल्यांदाच कासव पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं. वहिनीने एक हात आडवा करून कासवाला गुण दिला आणि त्याबरोबर पडदा पुन्हा अंधारला.

सगळं असं सरळ चढत गेलं असतं तर बरं झालं असतं. एका सकाळी बैठक संपवून आलो आणि वहिनीचं डोकं जे धरलं ते दोन दिवस सुटलं नाही. झोप पुन्हा उडाली. खोली अंधारी करून पडून होती. “बास,” ती म्हणाली. “कासवाला माझा नमस्कार सांगा. मी येणार नाही.”

आणि मग आमच्या घराण्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. दादाने फोन लावला. स्वतः. मी तिथेच होते, माझा विश्वास बसेना. तो उभा राहून, शब्द न गिळता बोलत होता: “माझ्या बायकोला त्रास झालाय. का झाला, ते मला कळलं पाहिजे. आणि तुम्ही आता काय बदलणार, तेही सांगा.”

दोनचष्म्यांनी लपवाछपवी केली नाही. त्या म्हणाल्या, मी जरा घाई केली, बैठकीचा वेळ वाढवायला नको होता. डॉक्टरांशी बोलून त्यांनी आठवडाभर विश्रांती दिली, मग बैठक अर्ध्यावर आणली, चकतीची जागा बदलली, कुठल्या लहरींना शाबासकी द्यायची तेही बदललं. दादा पुढच्या वेळी आमच्याबरोबर आला, मागच्या खुर्चीत बसला आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे बघत राहिला. वहिनी एकदा त्याच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होती.

“अहो, तुम्ही असे बसता तेव्हा नेमकं काय करता?” तिने लग्नानंतर इतक्या वर्षांनी विचारलं.

दादा जरा विचारात पडला. “काही नाही. जे येतं ते येऊ देतो.”

“आणि गेलं की?”

“जाऊ देतो.”

वहिनी पडद्याकडे वळली. त्या दिवशी चित्र बराच वेळ स्वच्छ राहिलं. नंतर तिने मला तिच्या भाषेत सांगितलं. सर्व्हिसची शिट्टी द्यायच्या आधी पंच दोन्ही बाजूंकडे एकदा नजर टाकतो. तेव्हा तो काही ठरवत नसतो, नुसता हजर असतो. “तशी बसले मी,” ती म्हणाली. “इतकी वर्षं दर पॉइंटला करत होते की हे. कुणी सांगितलंच नाही की याला काही किंमत आहे.”

पहिला फरक झोपेत पडला. एका सकाळी मी न्यायला गेले तर भाची दारातच तोंडावर बोट ठेवून उभी. “आत्या, आई अजून झोपलीय,” असं तिने एवढ्या आनंदाने सांगितलं की जणू आईला बक्षीस मिळालंय. मग वाचन थोडं लांबलं. चालण्याचा पल्ला वाढला. यातलं किती यंत्रामुळे, किती झोपेमुळे, किती नुसते दिवस गेले म्हणून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. वहिनी म्हणायची, “गुण संघाला मिळतो. स्मॅश कुणी मारला ते विचारत बसू नका.”

राग गेला नाही. पण तो येताना आता तिला दिसायला लागला. एकदा जेवताना भाचीच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. वहिनीचा चेहरा बदलला. तिने एक तळवा आडवा धरला, खाली दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवली: टाइमआउट. उठली, आतल्या खोलीत जाऊन बसली. जराशाने बाहेर येऊन म्हणाली, “हं. वाढ मला.” भाचीने तेव्हाच उठून मोजे काढले आणि कोपऱ्यात भिरकावले. फरशीवर अनवाणी पाय आपटत आमटी आणायला गेली. वहिनीने ते पाहिलं. पुढे कितीतरी दिवसांनी मला म्हणाली, त्या आवाजाने मला बरं वाटलं गं.

शाळा सुरू झाली, आधी अर्धा दिवस. आणि मग तिने पंचांच्या संघटनेच्या सचिवांना गाठलं. सचिव भला माणूस, पण भलेपणाचाच त्रास. “बाई, खूप केलंत तुम्ही. आता सत्कार घ्या, आराम करा.”

“सत्कार नको, सामना द्या,” वहिनी म्हणाली. “नाही म्हणायचंच असेल तर माझं काम बघून म्हणा.”

डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटी घालून. दिवसाला एकच सामना, हलक्या रंगाच्या काचेचा चष्मा, सेटच्या मध्ये शांत जागी बसणं. आधी काही सामने तिने खालच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या पंचाचं काम केलं. मग एका रविवारी शाळांच्या स्पर्धेत तिला वर उभं राहायला मिळालं. भाचीने स्टँडच्या सगळ्या खिट्ट्या स्वतः हलवून बघितल्या. वहिनी म्हणाली, “झालं का इन्स्पेक्टर?” आणि चढली. मी खाली पर्स घट्ट धरून उभी होते. दादा बाकावर. तो त्या दिवशी भिंतीकडे बघत नव्हता.

पहिला सेट लोण्यासारखा गेला. दुसऱ्यात दोन्ही संघ बरोबरीत, आणि एक रॅली अशी रंगली की चेंडू खाली पडेचना. हॉल नुसता दणाणत होता. शेवटी डावीकडून एक जोरदार स्मॅश, चेंडू बाहेर. वहिनीने शिट्टी दिली, हात उजवीकडे केला.

आणि तिथेच थांबली. लाइनवरच्या पंचाने झेंडा उभा धरून वर दुसरा तळवा टेकवला होता, म्हणजे बाहेर जाण्याआधी चेंडूला बचाव करणाऱ्या मुलीचं बोट लागलं होतं. गुण डावीकडे जायला हवा होता. पूर्वीची वहिनी असती तर तिला हे शिट्टी देण्याआधीच दिसलं असतं. आता तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गोंगाटात तिचा धागा सुटलाय. स्मॅश कुणी मारला होता, तेही तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

उजवीकडच्या संघाचा प्रशिक्षक ओरडला, “दिलाय निकाल! पुढे चला!”

वहिनीने हात खाली घेतला. घाई केली नाही. तिचा जबडा मी बघत होते, तो सैल होता. तिने एक श्वास घेतला, दोन्ही बाजूंकडे नजर टाकली आणि लाइनवरच्या पंचाला व खालच्या पंचाला हाताने जवळ बोलावलं. “काय पाहिलंत?” त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली, सरळ उभी राहिली आणि हात डावीकडे केला.

प्रशिक्षक मैदानात घुसायचाच बाकी राहिला. “बाईंना आता कळेनासं झालंय! डोक्यावर पडल्यात त्या!”

भाचीने माझा दंड धरला. वहिनीने त्या संघाच्या कप्तान मुलीला बोलावलं, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि प्रशिक्षकाच्या दिशेने धरलं. “त्यांना सांग, डोक्यावर पडले हे खरं आहे. पण पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचं, हा नियम मला अजून पाठ आहे.”

कप्तान मुलीला हसू आवरेना. प्रेक्षकांत टाळ्या पडल्या. सामना पुढे चालला आणि डावीकडचा संघ जिंकला की उजवीकडचा, हे मला खरंच आठवत नाही. खाली उतरल्यावर वहिनी गाडीच्या मागच्या सीटवर ओढणीने डोळे झाकून पडली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसरा दिवसही थकव्यात गेला. सचिवांचा फोन आला: “पुढच्या महिन्यात आहात ना?” तिने दादाला खुणेने सांगितलं आणि दादा म्हणाला, “आहेत.”

आता ती मोठ्या स्पर्धांना जात नाही. दिवसाला एक सामना, तोही शांत झोप झाली असेल तरच. नवीन पंचांना शिकवते, आणि चुकलेला निकाल कसा फिरवायचा यावर एक पूर्ण तास घेते. ते पूर्वी कुणी शिकवत नव्हतं. यंत्रापुढच्या बैठकी कमी होत होत थांबल्या. नावं अजून हुकतात. बाजारात मात्र ती मला आणि मी तिला हटकून बरोबर घेते. तिला गर्दीत सोबत हवी असते आणि मला घासाघीस जमत नाही.

मागे एकदा डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्यांच्या घरच्या माणसांची सभा ठेवली होती. वहिनीला बोलायला बोलावलं. तिने कागद घेतला नाही. पडली कशी, चिडली कशी, कासवाशी भांडली कशी, सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. दोनचष्मेही होत्या, मागच्या रांगेत. मग झोपेबद्दल बोलता बोलता वहिनी अडली.

“रात्री सगळ्यात महत्त्वाची म्हणजे ती… आपण घेतो ना… झोपताना…”

शब्द येईना. पुढच्या रांगेतल्या एक आजी मदतीला धावल्या, “गोळी!”

“गोळी नव्हे हो.” वहिनीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “येतोय. घाई नाही.” ती तशीच उभी राहिली, चेहऱ्यावर ताण नाही, जणू ओळखीचं कुणीतरी जिना चढून येत होतं आणि तिला पावलं ऐकू येत होती. सभाही थांबली.

“उशी!” ती म्हणाली. “चांगली उशी घ्या. बरं, तर मी काय सांगत होते…”